घोडा घेण्याआधी पावसाळा मोजा

कोकणातल्या इन्सुली गावाच्या कुठल्याही वाडीत गोठ्यात डोकावले, तर गाय, म्हैस, बैल दिसतात. भाताचा पेंढा, सड्यावरचे वाळके गवत आणि मूठभर कोंडा एवढ्यावर ही जनावरे पिढ्यान्‌पिढ्या पावसाळे काढत आली आहेत. घोडा मात्र क्वचितच दिसतो. हे नवलाचे आहे, कारण इथून पत्रादेवीची हद्द ओलांडली की गोवा लागतो आणि गोव्यात एके काळी घोड्यांचा मोठा व्यापार चाले. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, त्यानंतर अरबस्तान आणि इराणकडचे घोडे जहाजांतून तिथे उतरत आणि घाट चढून विजयनगर आणि विजापूरच्या फौजांकडे जात. इतके घोडे इतक्या जवळून जात असताना कोकणातल्या शेतकऱ्याने बैलाऐवजी घोडा का बांधला नाही? नुसते गरिबीचे कारण पुरत नाही, कारण बैलजोडीही स्वस्त नसते. खरे उत्तर घोड्याच्या पोटात आणि खुरात आहे. आज हौसेसाठी, लग्नाच्या वरातीसाठी किंवा किनाऱ्यावर पर्यटकांना रपेट घडवण्यासाठी घोडा घ्यावा असे या भागातल्या कुणाच्या मनात आले, तर त्याला ते उत्तर आधी समजून घ्यावे लागेल.

घोडा पाहायला गेलेला माणूस सहसा रंग, उंची, आयाळ आणि मानेची कमान पाहून भुलतो. त्याहून थोडा सावध असेल तो जनावर निरोगी आहे का, एवढे विचारतो. या लेखाचे म्हणणे असे, की हे दोन्ही प्रश्न नंतरचे आहेत. पहिला प्रश्न आपल्या जागेचा आहे: इथला पावसाळा या जनावराला झेपेल अशी सोय आपण करू शकतो का? घोडा २५ ते ३० वर्षे जगू शकतो. म्हणजे घोडा विकत घेताना आपण त्याच्या पुढच्या अनेक पावसाळ्यांची जबाबदारी घेत असतो आणि किमतीचा मोठा भाग त्या पावसाळ्यांत फेडायचा असतो.

पेंढा तोच, पोट वेगळे

गाय आणि घोडा दोघेही गवत खातात, पण ते पचवण्याचा क्रम दोघांत उलटा आहे. गवतातला चिवट धागा कुठल्याच सस्तन प्राण्याला स्वतःच्या बळावर पचवता येत नाही. ते काम पोटात राहणारे सूक्ष्म जीव आंबवून करतात. गाईत हे आंबवणे अगदी सुरुवातीला होते. तिच्या पोटाचा पहिला कप्पा शंभर लिटरच्या घरात असतो, त्यात चारा मुरतो, रवंथ होतो आणि मग तो पुढच्या पचनाला जातो. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबवून सकाळी तव्यावर टाकावे, तसा हा क्रम आहे. शिवाय आंबवणारे सूक्ष्म जीवही पुढे गाईच्या आतड्यात पचतात आणि तिला त्यांच्यातली प्रथिने मिळतात. त्यामुळे चारा निकस असला तरी गाय त्यातून पुष्कळ काही काढून घेते.

घोड्याचे जठर मात्र लहान असते, साधारण ८ ते १५ लिटरचे. चारा तिथून लवकर पुढे सरकतो, लहान आतड्यात पचण्याजोगे तेवढे पचते आणि राहिलेला धागा शेवटी मोठ्या आतड्यात आंबतो. तिथून घोड्याला ऊर्जा मिळते, पण त्या सूक्ष्म जीवांतली प्रथिने बहुतांशी लिदीबरोबर बाहेर जातात. निसर्गाने यावर उपाय दिला तो सतत खाण्याचा. मोकळा घोडा दिवसातले बरेच तास थोडे थोडे चरत असतो. भाताच्या पेंढ्यात पोषण कमी आणि वाळूच्या जातीचे सिलिका हे द्रव्य जास्त. नुसत्या पेंढ्यावर ठेवलेल्या घोड्याचे पोट भरलेले दिसेल, पण अंग झडत जाईल आणि कोरडा धागा आतड्यात अडकून पोटशूळ उठण्याचा धोकाही राहील.

हा पोटशूळ घोड्याच्या बाबतीत जिवावर बेततो. त्याच्या जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो, की घोड्याला ओकारी करता येत नाही. बिघडलेले, बुरशी आलेले काही पोटात गेले, तर ते पूर्ण आतड्यातूनच गेले पाहिजे. पेंढ्यातली पोषणाची उणीव चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, वाढवून भरून काढावी, असे वाटणे साहजिक आहे. पण एका वेळी फार धान्य दिले, तर त्यातला पिष्टाचा भाग न पचताच मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आम्ल वाढते आणि त्याचा परिणाम थेट खुरांच्या आतल्या नाजूक थरांवर होऊन घोडा पाय टेकवेनासा होतो. म्हणून घोड्याचा मुख्य आहार चांगले वाळलेले गवतच असावे लागते आणि चंदी थोडी थोडी, वाटून द्यावी लागते.

आता साधा हिशेब करू. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या सुमारे दोन टक्के सुका चारा लागतो. ३५० किलोच्या घोड्याला ७ किलो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचे सुमारे ८५० किलो होतात. नासधूस धरली, तर एक टन चारा पावसाळ्याआधी घरात हवा. तो भिजता कामा नये, त्याला बुरशीही लागता कामा नये, कारण बुरशीच्या धुळीने घोड्याचा दमही जातो. मांगरात एवढी कोरडी, जमिनीपासून उंच जागा आहे का, हे घोडा पाहण्याच्या आधी पाहायचे आहे.

१६७३ सालचा हिशेब

हा हिशेब कोकणात नवा नाही. मे १६७३ मध्ये शिवाजी महाराजांच्या नावे एक पत्र निघाले. ते चिपळूण परिसरातल्या छावणीच्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना उद्देशून आहे. पावसाळ्यासाठी पागेचे घोडे तिथे ठेवायचे होते. पत्राचा आशय असा: दाणा आणि वैरण आता हाताशी आहे म्हणून मनाला येईल तशी खर्च केली, तर भर पावसात ती संपेल, मग मिळणार नाही आणि घोडी मरायला लागतील. तो दोष छावणीच्या माणसांवर येईल. तुटवडा पडला की माणसे रयतेच्या घरात शिरून धान्य आणि गवत उचलतील, हाही धोका त्यात स्पष्ट सांगितला आहे. उंदराने जळती वात ओढून नेली, तर गवताच्या गंज्या पेटतील, इथपर्यंत बारकाईने इशारे दिलेले आहेत.

या पत्राकडे लोककल्याणाचा दाखला म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. घोडा पाळणाऱ्याने ते आणखी एका दृष्टीने वाचावे. मराठी फौजेत घोडे हजारोंनी होते, जाणकार मोतद्दार होते आणि सरकारी कोठार होते. तरीही कोकणातला एक पावसाळा पार पाडण्यासाठी खुद्द राजाला वैरणीच्या मापाची चिंता करावी लागली. त्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असा भेद होता, तोही इथे बोलका आहे. बारगिराचा घोडा सरकारी पागेचा असे, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा कुणाचा, यावरून त्याला पोसण्याचा भार कुणावर हे ठरे आणि त्यानुसार माणसाचा दर्जा आणि मोबदला ठरे. सांभाळ हाच घोड्याच्या मालकीचा गाभा आहे, हे त्या व्यवस्थेने मान्य केले होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने तमिळ किनाऱ्याबद्दल असेच लिहिले आहे: परदेशातून आणलेले घोडे तिथे फार काळ टिकत नसत, कारण त्यांची निगा कशी राखावी हे जाणणारी माणसे नव्हती.

ओल्या जमिनीवरचा खूर

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर चालतो. त्या बोटाचे नख म्हणजे खूर. त्याच्या तळाशी मऊ, रबरासारखा त्रिकोणी भाग असतो. प्रत्येक पावलाला तो दाबला जातो, धक्का सोसतो आणि पायातले रक्त वर ढकलायला मदत करतो. या त्रिकोणाच्या दोन्ही बाजूंना खाचा असतात. ओल, शेणलीद आणि चिखल त्या खाचांत साचला आणि हवा पोचली नाही, की हवेशिवाय वाढणारे जिवाणू तो भाग कुजवतात. काळा, दुर्गंधी स्राव येऊ लागतो आणि पुढे घोडा लंगडतो. इन्सुलीसारख्या गावात चार महिने जमीन ओलीच असते आणि पाऊस थांबला की जांभ्याचा कातळ तापून कोरडा पडतो. भिजून मऊ झालेला आणि मग एकदम सुकलेला खूर तडकतो. म्हणूनच उंच, निचऱ्याची आणि कोरड्या बिछायतीची जागा ही चैन नाही, गरज आहे.

विकत घेताना चारही पाय उचलून पाहावेत. घोडा पाय उचलू देतो की नाही, यातच त्याच्यावर किती मेहनत घेतली आहे ते कळते. तळ साफ करून खाचांत अंगठा दाबावा, वास घ्यावा, घोडा पाय ओढून घेतो का ते पाहावे. दोन्ही पुढचे खूर एकसारखे आहेत का, भेगा मुळापर्यंत गेल्या आहेत का, तेही बघावे. खुराची भिंत महिन्याला एक सेंटिमीटरच्या आतबाहेर वाढते. पुढच्या बाजूचा सबंध खूर नवा व्हायला साधारण वर्ष लागते, त्यामुळे खुरावरची वलये मागच्या वर्षभराची हकीकत सांगतात. टाचेकडे रुंद आणि पुढे अरुंद होत गेलेली वलये दिसली, तर आतल्या थरांना पूर्वी सूज येऊन गेल्याची शंका घ्यावी. दर सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटावे लागतात, नाल असेल तर ती बदलावी लागते. आपल्या भागात येणारा नालबंद कोण, हे विसार देण्याआधी ठरलेले असावे.

दुडकी चाल आणि लपवलेला लंगडेपणा

संथ चालीत घोडा दुखरा पाय सहज लपवतो. दुडकीत ते जमत नाही. दुडक्या चालीत पुढचा एक आणि त्याच्या तिरप्या रेषेतला मागचा एक असे पाय जोडीने पडतात, म्हणजे दोन्ही पुढच्या पायांवर आलटून पालटून सारखाच भार येतो. एक पाय दुखत असेल, तर तो टेकताना घोडा डोके वर उचलून भार कमी करतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली येते. कडक, सपाट जमिनीवर, दोरी सैल सोडून, सरळ रेषेत घोडा दुडकवायला सांगावा आणि समोरून, मागून, बाजूने पाहावे. टापांचा आवाजही ऐकावा. तो सारख्या तालात पडला पाहिजे.

ब्रिटनमध्ये घोडा घेण्यापूर्वी पशुवैद्यक पाच टप्प्यांत तपासणी करतात: उभ्या घोड्याची तपासणी, चाल आणि दुडकी, मेहनतीची रपेट, विश्रांती घेऊन पुन्हा तपासणी आणि शेवटी पुन्हा दुडकी. या क्रमामागचे तर्कशास्त्र आपल्यालाही वापरता येते. विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात, श्वास ८ ते १६. मेहनतीनंतर ते वाढतात, पण निरोगी घोड्यात काही मिनिटांत उतरू लागतात. आखडलेला सांधा मेहनतीनंतर थोडे थांबल्यावरच बोलू लागतो. ब्रिटनमध्ये रक्ताचा नमुना घेऊन सहा महिने जपून ठेवतात, कारण वेदनाशामक औषध टोचून लंगडेपणा तात्पुरता झाकता येतो. ती सोय नसेल, तर घोडा दोन वेगवेगळ्या दिवशी, न कळवता पाहावा. औषधाचा अंमल उतरला, की लपवलेली गोष्ट बहुधा दिसते.

दात काय सांगतात आणि कुठे थांबतात

वयाचा अंदाज पुढच्या दातांवरून येतो. दुधाचे दात पडून मधली पक्की जोडी अडीच वर्षांच्या सुमारास येते, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरते. घोड्याचे दात आयुष्यभर झिजत आणि वर सरकत राहतात, म्हणून दाताच्या माथ्यावरचे खळगेही ठरावीक क्रमाने बुजतात: खालच्या मधल्या जोडीचे सहाव्या वर्षाच्या सुमारास, पुढच्या जोडीचे सातव्या, कडेचे आठव्या. दहाव्या वर्षाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीशी एक उभी खाच उमटते आणि विसाव्यापर्यंत ती दाताच्या टोकाला पोचते. आठ वर्षांपर्यंत हा अंदाज बराच भरवशाचा असतो, पुढे चारा आणि जमीन यांनुसार चुकतो. त्यामुळे बारा वर्षांच्या घोड्याचे वय दात पाहून नेमके सांगणाऱ्या दलालावर विसंबू नये. लिदीतही पाहावे. त्यात लांब, न चावलेल्या काड्या असतील, तर दाढांना धार आली असावी.

शेजारच्या म्हशीपासूनचा धोका

रक्ताची तपासणी अनेकांना अनाठायी खर्च वाटते. इथे दोन रोग लक्षात ठेवावेत. पहिला सर्रा. रक्तात राहणारा एक सूक्ष्म परजीवी चावऱ्या माश्यांमार्फत एका जनावरातून दुसऱ्यात जातो. गाई-म्हशींच्या अंगात तो पुष्कळदा काही लक्षण न दाखवता राहतो. घोड्यात मात्र ताप, पोटाखाली आणि पायांवर सूज, झपाट्याने उतरणारे वजन असे होते आणि उपचार झाला नाही तर मृत्यू ओढवतो. कोकणात पावसाळ्यात आणि त्यानंतर माश्या भरपूर असतात आणि घोडा बहुधा म्हशीच्या शेजारीच बांधला जाणार. म्हणून निरोगी घोडा आणला तरी गोठ्याची रचना आणि माश्यांचा बंदोबस्त हा प्रश्न राहतोच.

दुसरा रोग ग्लँडर्स. तो माणसालाही होतो, त्यावर लस नाही आणि २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली तो सरकारला कळवावा लागतो. रोग ठरला तर घोडा मारावा लागतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या रोगाच्या तपासणीची सोय आहे. स्थानिक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुना कसा पाठवायचा, ते आधी विचारून घ्यावे. ताजा अहवाल नसेल, तर सौदा थांबवावा. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांप्रमाणे घोडा प्रवासाला योग्य असल्याचे पशुवैद्यकाचे प्रमाणपत्र वाहनात असावे लागते. इन्सुलीचा तपासणी नाका गावकऱ्यांच्या परिचयाचा आहे. तिथे किंवा दुसऱ्या कुठल्या नाक्यावर वाहन थांबवले, की कागदांची किंमत कळते.

कागदांच्या निमित्ताने घोड्याच्या अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचा विषय येतो. बाजारात पंचकल्याणी, देवमण अशा खुणांना भाव मिळतो आणि डोळ्याखालचा भोवरा अशुभ मानून चांगला घोडा नाकारला जातो. हे शहाणपण पूर्वापार चालत आले आहे, त्यात तथ्य नसेल का, असे कुणी विचारेल. जुन्या अश्वपरीक्षेत खूर, दात, चाल, छाती यांचेही बारीक निरीक्षण आहे आणि ते आजही उपयोगी आहे. भोवऱ्याने नशीब कळते याला मात्र आधार नाही. पण भोवरा जन्मभर जागा बदलत नाही. म्हणूनच घोड्यांच्या ओळखपत्रांत पांढऱ्या खुणांबरोबर भोवरेही नोंदवतात. अहवालातल्या खुणा समोरच्या घोड्याशी जुळवून पाहाव्यात, म्हणजे एकाचा दाखला दुसऱ्याच्या नावावर खपवला गेलेला नाही, याची खात्री होते.

बाजार मार्गशीर्षात, परीक्षा आषाढात

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा दत्त जयंतीला भरते आणि नांदेडकडच्या माळेगावची खंडोबाची यात्राही मार्गशीर्षातच सुरू होते. घोड्यांचे हे गाजलेले बाजार थंडीतले आणि कोरड्या मुलखातले. तिथे येणारे मारवाडी आणि काठियावाडी घोडे मूळचे वाळवंटी किंवा कोरड्या प्रदेशांचे. भीमेच्या खोऱ्यातला, धनगरांच्या तांड्यांबरोबर फिरणारा भीमथडी घोडा काटक आहे, पण तोही देशावरचा. डिसेंबरमध्ये तुकतुकीत दिसणारा घोडा जुलैत कसा राहील, हे त्या बाजारात कळत नाही. म्हणून विक्रेत्याला एक प्रश्न आवर्जून विचारावा: या घोड्याने आतापर्यंतचे पावसाळे कुठे काढले? मुसळधार पावसाच्या भागात एक-दोन पावसाळे काढलेला, शिकवलेला, सात ते बारा वर्षांचा साधा घोडा हा नव्या मालकासाठी दिसायला देखण्या तीन वर्षांच्या शिंगरापेक्षा शहाणपणाचा सौदा आहे. कोवळ्या घोड्याबरोबर आपणही शिकू, हा विचार गोड वाटतो, पण दोघेही नवखे असले की एकमेकांच्या चुका दोघांच्याही अंगवळणी पडतात.

माथेरानलाही धो धो पाऊस पडतो, तिथली मातीही लाल आहे, तरी घोडे जगतातच की, असा आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्यातच आहे. माथेरानला मोटारींना बंदी आहे, त्यामुळे घोडा हा तिथल्या शेकडो कुटुंबांचा धंदा बनला. नालबंद, चारा आणणारे, घोड्याची नजर ओळखणारी माणसे तिथे एकत्र आहेत. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, त्याला तिथे दुसरे घोडेही मिळतात. इन्सुलीत तो एकटा असेल. एकटेपणात लाकूड चावणे, जागेवर डुलत राहणे अशा खोडी जडतात. म्हणजे पाऊस असूनही घोडा ठेवता येतो, हे माथेरान दाखवते आणि त्यासाठी भोवती काय काय लागते, तेही दाखवते.

थोडक्यात: विसार देण्यापूर्वी

• एक टन कोरडा चारा साठवण्याची जागा, निचऱ्याचा तबेला आणि रोज २५ ते ४० लिटर स्वच्छ पाणी
• पोचण्याजोग्या अंतरावर नालबंद आणि घोडा हाताळणारा पशुवैद्यक
• काम कोणते आणि भार किती: स्वार व खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आत
• चारही खूर, दात, डोळे आणि कडक जमिनीवरची दुडकी
• आपण नेमलेल्या पशुवैद्यकाची तपासणी, सर्रा आणि ग्लँडर्सचे अहवाल, धनुर्वाताची लस
• कागदावरच्या खुणा आणि भोवरे प्रत्यक्षाशी जुळणे
• न कळवता दुसरी भेट, शक्य तर काही दिवसांची चाचणी

एवढी चिकित्सा केली तर कुणी घोडाच घेणार नाही, असेही म्हटले जाईल. काही जण घेणार नाहीत आणि ते चांगलेच आहे. ज्यांची जागा आणि सवड या कसोटीला उतरत नाही, त्यांनी एखाद्या चांगल्या पागेत जाऊन स्वारी शिकावी, जमले तर वर्षभर तिथल्याच घोड्याची निगा राखण्यात हात द्यावा. हौस त्यातही भागते आणि समज वाढते. ज्यांची जागा उतरते, त्यांना ही यादी अडवत नाही. उलट बाजारात कोणता घोडा सोडून द्यायचा, हे तिच्यामुळे लवकर कळते. पशुवैद्यकाची फी आणि रक्ततपासणीचा खर्च हा नंतरच्या वीस वर्षांच्या वैरणीपुढे किरकोळ आहे. चौकशी आधी केली नाही, तर ती वरातीमागून घोडे धाडल्यासारखी पुढे करावीच लागते आणि तेव्हा तिचा त्रास मुक्या जनावराने सोसायचा असतो. त्या जनावराला सौद्यात मत नसते. म्हणून त्याच्या वतीने सगळे प्रश्न विचारणे हे खरेदीदाराचे पहिले कर्तव्य आहे.